फक्कीचे बाण

हिरामण: नाय मास्तर, बसायला नाय आलो मी. आधी ती गोनी खाटंखालून भायेर काढा.

सिताराम: कुठली गोणी, शेठ?

हिरामण: आता कुठली म्हनून इचारता? फक्कीची. शालेच्या मैदानावर कबड्डीच्या रेघा मारायची. मना दारात उभा राहून दिसते, मग येनाऱ्या-जानाऱ्याला दिसायला काय टाइम लागतं? तोंड बांधा तिचं. मी जाताना खाडीत टाकतो.

सिताराम: ती शाळेची आहे. मी हेडमास्तरांना परत देतो.

हिरामण: आनि ते इचारतील, अर्धी फक्की गेली कुठं, तं काय सांगाल? हिरामनच्या बापाच्या बांधावर?

सिताराम: खरं तेच सांगेन.

हिरामण: हेच! ह्याचंच टेन्शन हाय मना. चार दिवस झाले मी गावात हसत फिरतोय आनि डोला तुमच्या दारावर. का, तर माझा भाडोत्री खरं बोलनारा निघाला! दुसऱ्यांचे भाडोत्री दारू पितात, रातोरात पलून जातात. माझ्या चालीत हा नग आला.

सिताराम: मी त्याच सकाळी बांधावर पळत आलो होतो, शेठ. सगळ्या गावासमोर सांगणार होतो. तुम्ही माझं तोंड दाबलंत.

हिरामण: दाबनारच! बापूस कमरेएवढ्या पान्यात उभा. हाताचं साल निघून रगत गलतंय. समदा तलवली गाव बांधावर. आनि तुमी बनियनवर धावत येता, बाबा बाबा करत. तवा जर बोलला असता ना, का बाबा, ती पोरांची गंमत व्हती, तं लोकांनी तुमाला तिथंच बुडवला असता. आनि बापसानं सोताला.

सिताराम: गंमत नव्हती ती. माग काढायचा खेळ आहे तो, स्काउटच्या अभ्यासक्रमात आहे.

हिरामण: बरं, अभ्यास. एकदा नीट सांगा, त्या रविवारी काय काय केलं. म्हंजे मना कलंल, तोंडाला कुलूप कुठं कुठं लावायचं ते.

सिताराम: पोरांचे दोन संघ केले. पुढचा संघ वाटेवर खुणा करत जातो, मागचा त्या खुणा बघत त्याला शोधून काढतो. बाण म्हणजे या वाटेनं गेलो. फुली म्हणजे इकडून येऊ नका. गोल आणि मध्ये ठिपका म्हणजे खेळ संपला, घरी गेलो. पुस्तकात लिहिलंय खडूनं करा, नाहीतर काटक्या मांडा. पण भादव्याचा चिखल, खडू कसा उमटणार? काटक्या गुरं तुडवतात. म्हटलं, फक्की घेऊ. पाऊस उघडलेला होता, दगडावर छान दिसली असती.

हिरामण: दिसली. लय छान दिसली. पार हायवेवरनं दिसली.

सिताराम: पुढच्या संघाचा नायक तुमचा सुभाष. बाकीची पोरं फॅक्टरीच्या कॉलनीतली. त्यांना आजोबांचं शेत दाखवायचं होतं त्याला, म्हणून तो बांधावरनं गेला. म्हणाला, तिथं खेकडे पण आहेत.

हिरामण: आनि तुमी?

सिताराम: मी मागच्या पोरांबरोबर. शिट्टी, काठी, नवा खाकी गणवेश. ट्रेनिंगहून आल्यापासून पहिल्यांदाच घातला होता. हॅट पण होती.

हिरामण: हॅट पन! वा. काय बाकी ठेवलं नाय तुमी.

सिताराम: शेठ, मला काय माहीत...

हिरामण: तुमाला काय म्हाईत असनार! तुमी खेडकडचे, पोटासाठी हिकडं आलात. आमच्या गावात इचारा. सत्तर-एकाहत्तरला असेच आलेले, सरकारचे मोजनीवाले. खाकी कपडे, काठी, लोखंडी साखली आनि चुना. दगडाला चुना फासला, बान काढले, गेले. कोनी काय इचारलं नाय. आमी येडे, आमाला वाटलं रस्ता होतोय. बायकांनी त्यांना ताक पाजलं, मास्तर! मंग कागद आला, मंग मशीन आलं. भात उभा व्हता, कापून पन घेऊ दिला नाय. तवापासनं म्हातारा चुना बगला का थुंकतं. पान खायाचा सोडला त्यानं. पानाला चुना लागतो म्हनून.

सिताराम: हे मला कुणी सांगितलं नाही.

हिरामण: आता कोन सांगनार? तुमी रोज शिफ्टला जाता, रविवारी शिट्ट्या मारता. राहिला हा खाडीकडचा तुकडा. तवा तो कोनाला नको व्हता, खारट म्हनून सुटला. माझ्या पनज्यानं डोक्यावर चिखल वाहून तिथं बांध घातलेला. खाडीच्या तोंडातनं काढलेली जमीन ती. म्हातारा रोज जाऊन बगतं, बांधाला खेकड्यानं भोक पाडलंय का. पोटच्या पोराला इतका बगला नसंल.

सिताराम: त्या रविवारी बाबा गावात नव्हते ना?

हिरामण: घनसोलीला बारशाला गेलेले. सांजेला आले ते सरल बांधावरनं. बगतात तं काय, दगडा-दगडाला पांढरा बान. आनि शेताच्या टोकाला, उघाडीपाशी, खाडीचं पानी अडवायच्या दारापाशी, यवढा मोठा गोल. मध्ये ठिपका.

सिताराम: घरी गेलो.

हिरामण: तुमच्या पुस्तकात घरी गेलो. त्याला वाटलं, हितं खांब पुरनार. घरी आले, जेवले नाय, बोलले नाय. कुशीवर निजले. दुसऱ्या दिशी पहाटं उधानाची भरती व्हती. गेले आनि उघाडीच्या फल्या उचकटल्या. एकट्यानं! दोन गडी लागतात त्याला. खाडी आत आली ती भात पार बुडवूनच थांबली. निसवायला, लोंब्या धरायला आलेला भात.

सिताराम: पाणी काढता येणार नाही का आता? आम्ही सगळे मिळून...

हिरामण: पानी काय, ओहोटीला आपसूक गेलं. मीठ राहतं ना, मास्तर! आता तिथं गवत पन हिरवं व्हायला किती पावसाले जातील, कोन सांगनार. वरच्या लोकांची शेतं वाचली, आतला बांध हाय म्हनून. बुडालं ते आमचंच.

सिताराम: त्यांनी कुणाला तरी विचारायचं होतं. घरात. एक शब्द.

हिरामण: कोनाला इचारनार?

सिताराम: तुम्हाला.

हिरामण: ...माझ्याशी बोलत व्हते कुठं. तुमी भाड्यानं राहता, तुमाला वाटलं असंल, म्हातारा तुसडा हाय. तसं नाय ते. पयली जमीन गेली तवा कागदावर अंगठा त्यांचा, पन हात धरून टेकवला मी. शिकलेला मी होतो ना, चौथी! म्हटलं बाबा, भांडून काय व्हनार हाय, घ्या देतात ते. त्यातनंच ही चाल बांधली, ट्रक घेतला. तवापासनं बापूस माझ्याशी बोलला नाय. ताटाला ताट लावून जेवायचं, आनि मीठ पायजे तं सुनेला सांगायचं, त्याला सांग मीठ दे म्हनून.

सिताराम: इतकी वर्षं?

हिरामण: इतकी वर्सं. म्हनूनच तं रविवारी इचारलं नाय. इचारलं असतं तं सुभाष घरातच व्हता, तिथंच झोपलेला, त्यानंच सांगितलं असतं. बगा कशी गाठ बसते ती.

सिताराम: शेठ, मला सांगू द्या त्यांना. मी पाय धरतो त्यांचे. मारलं तर मार खातो.

हिरामण: ऐका आता. त्या सकाली त्यांना पान्यातनं भायेर काढला. घरी आनला. हाताला हलद भरली. आनि माझ्याकडं बगून म्हनाले, हिरामना, च्या घे. मास्तर, मी मोठा बाप्या मानूस, दोन पोरांचा बाप. मोरीत जाऊन रडलो. परत सांजेला म्हनाले, बग, खाडीची व्हती, खाडीला दिली, त्यांच्या हाताला लागू दिली नाय. आनि गाव! गाव नारल घेऊन येतंय. म्हनतं, वामनबाबानं सायबांना पानी पाजलं, आले तसे पलाले. पंचायतीत सत्कार करायचा म्हनतात. आता ह्या मानसाला मी जाऊन सांगू, का बाबा, सायेब कधी आलेच नाय? तुमच्या नातवानं खेल मांडलेला? शेत तुमी फुकटचं बुडवलं?

सिताराम: नाही सांगता येणार.

हिरामण: कललं ना? मग माझं दुसरं ऐका. तुमची स्काउटिंग बंद.

सिताराम: शेठ, येत्या रविवारी दीक्षाविधी आहे.

हिरामण: ती काय भानगड?

सिताराम: पोरं वचन देतात. तीन बोटं वर करून. मग त्यांच्या गळ्यात स्कार्फ येतो, मगच ती खरी स्काउट. जिल्ह्याचे साहेब येणार आहेत. तो विधी झाला नाही तर पथक कागदावर उभंच राहत नाही. हेडमास्तर आधीच म्हणतात, मैदान अडतं, पोरं दमतात. आज थांबलं तर परत सुरू होणार नाही.

हिरामण: मग नको होऊ दे. तुमाला काय पगार देतात त्याचा?

सिताराम: नाही.

हिरामण: मग? खालीपीली डोक्याला ताप. रविवारी मस्त झोपा.

सिताराम: कसं सांगू तुम्हाला. आमच्या गावच्या शाळेत पाण्याचा हंडा होता, मला त्याला हात लावायचा नव्हता. दुसऱ्यानं वरून ओतायचं, मी ओंजळ धरायची. मग एक स्काउटचे गुरुजी बदलून आले. स्काउट एकमेकांना डावा हात देतात, तशी रीत आहे. त्यांनी सगळ्या पोरांना हात दिला. मी शेवटी उभा होतो, हात मागं घेऊन. माझा हात त्यांनी मागून पुढं ओढून घेतला. बस, एवढंच. पुढं त्यांची बदली झाली आणि पथकही संपलं, माझं वचन काही झालं नाही. फॅक्टरीत मी टाइमकीपर आहे, शेठ. लोक माझ्याकडे बघतात ते उशीर झाला म्हणूनच. रविवारी मात्र पोरं वाट बघतात माझी. तुमची, कॉलनीतली, वस्तीतली, सगळी एका गोलात हातात हात धरून उभी राहतात. मला तेवढं एकदा पुरं होताना बघायचं होतं.

हिरामण: तुमचं वाईट झालं, मास्तर. खरंच झालं. पन तो गोलच नडतोय ना! त्या गोलात तुमी काय इचारता पोरांना?

सिताराम: एकेकाला विचारतो, या आठवड्यात खरं बोललास का.

हिरामण: आनि ती सांगतात! आमचा सुभाष तुमच्या नादानं घरात काय काय बोलायला लागला, ठाव हाय? त्याच्या आईनं दुधात पानी घातलं तं पावन्यासमोर सांगितलं. मी बिडी ओढली तं आजाला सांगितलं. पयलं मना हसू आलं. आता घाम फुटतोय. रविवारी तुमी त्याला इचारनार, सुभाष, खरं बोललास का. सायेब समोर, आईबाप समोर, गाव बगायला. तो काय सांगंल?

सिताराम: त्याला मी नाही विचारणार.

हिरामण: सगल्यांना इचारनार आनि त्यालाच सोडनार? लोक आंधले हायत काय?

सिताराम: मग कुणालाच नको विचारायला. गोल मोडतो. शेठ, मी गप्प बसतो, जन्मभर बसतो. पण विधी होऊ द्या.

हिरामण: आनि वचन काय देनार तो? सांगा ना. पयला नियम काय तुमचा? सुभाष दिवसभर घोकत असतो, मना पन पाठ झालाय.

सिताराम: स्काउट विश्वासाचा असतो.

हिरामण: मग? पोरगं खरं बोललं तं आजा मरतं. गप्प बसलं तं तुमचा नियम मरतो. दोन्ही हातांत निखाराच. मी त्याला दम दिलाय, तोंड उघडलंस तं तंगडं मोडीन. आता त्याच पोराकडनं तुमी तीन बोटं वर करून घेनार? तुमालाच जमनार नाय ते.

सिताराम: नाही जमणार.

हिरामण: मी वाईट मानूस नाय, मास्तर.

सिताराम: माहीत आहे मला.

हिरामण: तुर्भ्याला तुमचा मेव्हना हाय ना?

सिताराम: हो. बायको कालच गेली तिकडं, खोली बघायला. तिला वाटलंच होतं. म्हणाली, तुम्हाला गप्प राहायचं जमत नाही आणि इथं बोलायची सोय नाही.

हिरामण: वहिनी शानी हाय. डिपॉझिट तुमचं पुरं देतो. माझा टेम्पो घ्या, भाडं नको. आजच निघा. आनि हेडमास्तरला?

सिताराम: सांगेन, शिफ्ट बदलली. रविवारी जमणार नाही.

हिरामण: हां. तसं सांगा. बगा, शिकलात.

सिताराम: शेठ, सुभाषला एकदा भेटू द्याल? फक्त निरोप घेतो.

हिरामण: नको. तुमाला बगून त्याला रडू फुटंल, आनि रडला का बोलंल. मी टेम्पो आनतो. गोनी दारात ठेवा, तीच पयली टाकू. आनि कोनी आलं तं दार उघडू नका.

(हिरामण जातो. सिताराम भांडी बांधतो आहे. थोड्या वेळानं उघड्या दारात काठीचा आवाज.)

वामनबाबा: मास्तर, हायस काय रं घरात?

सिताराम: बाबा! तुम्ही कशाला आलात? हात बघा तुमचा, सुजलाय केवढा.

वामनबाबा: हाताला काय व्हतं. उटू नको, बांध तू तुजा. काल तुजी बायको खोली बगायला गेली, तवाच मना कलला तू जानार. मी बसतंय हितंच, ह्या गोनीवर.

सिताराम: तिथं नको, बाबा. खाटेवर बसा.

वामनबाबा: बरी हाय ही. मऊ हाय. काय हाय रं हीत?

सिताराम: ही... शाळेची आहे.

वामनबाबा: शालेची हाय ते लिवलंय, मना वाचता येत नाय तं काय झाला. हाय काय हीत?

सिताराम: फक्की आहे, बाबा.

वामनबाबा: हां. इचारला तं बोललास. नातू म्हनत व्हता ते खोटा नाय.

सिताराम: बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय. तुमचं शेत... ते बाण...

वामनबाबा: गप. मना ठाव हाय.

सिताराम: काय ठाऊक आहे?

वामनबाबा: सगला. बान तुज्या पोरांचं. गोल सुबासचा. कोन सायेब आला नाय, कोन पलाला नाय.

सिताराम: कधी कळलं तुम्हाला?

वामनबाबा: दुसऱ्याच दिशी. मी वसरीवर पडलो व्हतो. पोर आला, पायाशी बसला. म्हनं, आजा, तुना एक सांगायचाय, बापूस मारंल पन सांगतं. आनि सांगतला. एका दमात, कविता बोलल्यावानी.

सिताराम: सुभाषनं सांगितलं?

वामनबाबा: त्यानंच.

सिताराम: बाबा, मग... मग आता लपवायचं काय राहिलं? शेठ म्हणतात तुम्हाला कळता कामा नये, म्हणून मी चाललोय. पथक बंद करतोय. पण तुम्हाला तर माहीतच आहे! मी आत्ता शेठना सांगतो. मला माफ करा, माझी चूक आहे, जन्मभर फिटायची नाही. पण पोरांचा रविवार वाचेल. सुभाष उभा राहील सगळ्यांत पुढं...

वामनबाबा: हिरामनाला सांगायचा नाय.

सिताराम: का?

वामनबाबा: बस खाली. बस म्हनतं ना. हिरामन माजा सकाली उठून मना इचारतं, बाबा, पानी ताप‌वू? दोपारला ट्रक सोडून जेवायला घरी येतं, माज्या शेजारी बसतं. काल माज्या ताटात मासा वाढला त्यानं, आपल्या हातानं काटं काढून. येवढी वर्सं मी त्याच्याशी बोललो नाय. त्यानं हात धरून अंगठा लावला, त्याचा राग. आनि त्याला वाटत व्हता, आपन बापसाची जमीन खाल्ली. खाली मान घालून चालायचा घरात. आता त्याला वाटतं, बापूस सुखी झाला, त्याचा राग गेला. गावात छाती काढून चालतं. त्याला जर कलला का बापसाला समदा ठाव हाय, पोरांचा खेल बगून सोन्यासारका भात बुडवला ते, तं परत खाली मान घालंल.

सिताराम: तो तुमच्यासाठी लपवतोय. आणि तुम्ही त्याच्यासाठी.

वामनबाबा: असंल.

सिताराम: दोघांनाही ठाऊक आहे.

वामनबाबा: दोगांनाबी ठाव हाय, हे दोगांना ठाव नको. येवढाच राहिलाय आता आमच्यात. शेत तं गेला. मी गेल्यावर काय ते बोला.

सिताराम: मग मी राहिलो तर काय बिघडेल? मी नाही बोलणार. शपथेवर सांगतो, बाबा.

वामनबाबा: तू आता फक्कीला शालेची म्हनत व्हतास, तुज्या तोंडाला घाम आला. तुज्यानं व्हनार नाय रं. उद्या सत्काराला गाव इचारंल, मास्तर, तुमी पन दोन शबुद बोला. काय बोलशील? म्हनून जा. मी तुज्यावर रागावला नाय. चुना तू लावलास, फल्या मी काडल्या. माजं हात काय दुसऱ्यानं हालवलं नाय. येवढाच सांगायला आलतो.

सिताराम: राग धरला असता तर बरं झालं असतं. बाबा, एक सांगाल? सुभाषनं सांगितलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात त्याला?

वामनबाबा: काय म्हननार.

सिताराम: तो खरं बोलला. बापाची भीती असून. असं माझ्या पथकात एकानंही कधी केलं नाही. त्याला तुम्ही काहीतरी म्हणाला असालच.

वामनबाबा: मारला त्याला.

सिताराम: सुभाषला?

वामनबाबा: ह्याच हातानं, पट्टी सुटली इतका. जलमात त्याला बोट लावला नव्हता मी. कानाखाली मारला, आनि म्हनलो, पुन्यांदा ह्या घरात हे बोलशील तं याद राख. पोर रडला पन नाय. बगत राहिला माज्याकडं. मना वाटला, हा आता इचारंल, आजा, माजं चुकला काय? तं काय सांगू त्याला?

सिताराम: त्यानं विचारलं?

वामनबाबा: ते नाय इचारला. आज सकाली दात घासता घासता दुसराच इचारला. म्हनं, आजा, रविवारी गोलात मास्तर इचारतील, सुबास, खरा बोललास काय. तं मी काय सांगू?

सिताराम: मग? तुम्ही काय सांगितलंत?

वामनबाबा: सांगतला, आता कोन इचारनार नाय.